फुटली की फोडली?

आमच्या शाळेत दिवाळीच्या सुटीपूर्वी वर्ग झाडून-पुसून ठेवण्याची रीत आहे. काही वर्षांमागे अशाच एका दुपारी पुस्तकांच्या कपाटाची काच खळकन फुटली. मी धावत गेलो. सहावीतला एक मुलगा हातात ओले फडके घेऊन उभा होता. "काच कोणी फोडली?" मी विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, म्या नाही फोडली. माह्या हातानं फुटली."

वर्गात हशा पिकला. मला मात्र राग आला. "हात तुझाच ना? मग 'मी फोडली' असे म्हण!" त्याने तसे म्हटले नाही. मान खाली घालून तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटले. मी त्याला तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभे केले आणि काचेचे पैसे घरून आणावयास सांगितले. शिवाय 'म्या' आणि 'माह्या' ही अशुद्ध रूपे आहेत, मराठीच्या तासाला तरी शुद्ध बोलावे, असेही सर्वांदेखत सुनावले. पैसे तिसऱ्या दिवशी आले. मुलगा मात्र त्या वर्षभरात माझ्या तासाला हात वर करून पुन्हा कधी बोलला नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. पोटासाठी मुलांना मराठी शिकवितो आणि हौसेने कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत एकच प्रश्न रोज पुढे येतो: कोणी काय केले, आणि कोणाचे काय झाले? त्या मुलाचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, तेव्हा नागपुरातल्या ग्रंथालयांत बसून मी व्याकरणाची पुस्तके चाळू लागलो. वाटले होते, दोन दिवसांत उत्तर मिळेल. पण ती वाट निघाली अडीच हजार वर्षांची. फराळाच्या ताटाशी बसून ऐकावी इतकी ती रंजक आहे, म्हणून आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रारंभ पाणिनीपासूनच करावयास हवा. वायव्येकडील शलातुर गावचा हा वैयाकरण ख्रिस्तपूर्व पाचव्या-चौथ्या शतकातला मानतात. त्याच्या अष्टाध्यायीत सुमारे 4000 सूत्रे आहेत. त्यांतील पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात त्याने एक विलक्षण काम केले. वाक्यातले क्रियापद म्हणजे एक प्रसंग. त्या प्रसंगात कोणकोण भाग घेतात याची त्याने मोजदाद केली आणि त्या भागीदारांना 'कारक' असे नाव दिले. कारके एकूण सहा. ज्याच्यापासून दूर जावयाचे ते अपादान, ज्याच्यासाठी द्यावयाचे ते संप्रदान, ज्याच्या साहाय्याने काम साधते ते करण, ज्याच्या आधाराने घडते ते अधिकरण, कर्त्याला जे सर्वांत अधिक मिळवावयाचे असते ते कर्म, आणि या साऱ्यांत जो स्वतंत्र, तो कर्ता. कर्त्याचे नाव अगदी शेवटी येते, आणि त्यालाही कारण आहे. एकाच वस्तूला दोन नावे लागू पडत असतील तर यादीत पुढे येणारे नाव द्यावे, असा पाणिनीचा दंडक आहे. म्हणजे कर्तेपणाचा संशय आला की बाकीची नावे मागे पडतात!

यातले मर्म असे की, कारक वेगळे आणि विभक्ती वेगळी. कारक ही भूमिका आणि विभक्ती हा अंगरखा. नाटक मंडळीत राजाची भूमिका करणाऱ्याला बहुधा जरीचा अंगरखा मिळतो, पण एकच अंगरखा दोन नटांनी घातला म्हणून दोघे एकाच भूमिकेत आहेत असे होत नाही. मूल अंधाराला भिते. येथे अंधाराला 'ला' लागला. संस्कृतात भीतीच्या कारणाला पंचमी लागते. भीती तीच, मूल तेच, अंगरखा तेवढा निराळा. षष्ठीला तर पाणिनीने कारकांच्या पंगतीत पानच मांडले नाही. 'रामाचा भाऊ आला' या वाक्यात येणारा भाऊ असतो. रामाचे नाते भावाशी, येण्याशी नव्हे. षष्ठीची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पाणिनीनंतर काही शतकांनी, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास, पतंजलीने महाभाष्यात ही चर्चा थेट स्वयंपाकघरात नेली. त्याचा दृष्टांत भात शिजविण्याच्या पातेल्याचा आहे. आपण दिवाळीची कढई घेऊ. 'सूनबाई कढईत चकल्या तळते' येथे कढई आधार आहे. 'या जाड कढईने चकल्या छान तळल्या जातात' येथे कढई साधन झाली. आणि शेजारीण कौतुकाने म्हणते, 'तुमची कढई मोठी सुरेख तळते हो!' येथे तर कढईच कर्ती होऊन बसली आणि सूनबाई वाक्याबाहेर गेली. कढई तीच, चूल तीच, चकल्याही त्याच. बदलली ती बोलणाऱ्याची इच्छा. तिला शास्त्रकार विवक्षा म्हणतात. घडलेला प्रसंग एक असला तरी कोणाला पुढे आणावयाचे आणि कोणाला पडद्याआड ठेवावयाचे हे बोलणारा ठरवितो. सूनबाईंना हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. कौतुक कोणाचे झाले, ते त्यांना बरोबर कळते.

संस्कृतातला हा विचार मराठीत उतरला तो प्रथम आमच्या विदर्भात, ही मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. तेथे म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केले. आपल्या गुरूंचा शब्द जसाच्या तसा राखावा, आणि त्याचा अर्थ लावताना कोणी कोणाला काय म्हटले यात तिळमात्र घोटाळा होऊ नये, ही त्या मंडळींची तळमळ. तिच्यातूनच पुढे पंडित भीष्माचार्यांचे 'पंचवार्तिक' झाले. मराठीच्या व्याकरणाचा पहिला विचार म्हणून अभ्यासक त्याचा गौरव करतात. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. वि. भि. कोलते यांनी या महानुभाव वाङ्मयासाठी आपले आयुष्य वेचले. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे.

मध्ये काही शतके गेली आणि छापखान्यांचा काळ आला. 1805 साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी या मिशनऱ्याने मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले. त्याला साह्य करणारे पंडित वैजनाथ हे मूळ नागपूरकडचे. म्हणजे मराठीच्या या छापील व्याकरणामागे एका नागपूरकराचा कान होता. पुढे 1836 साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांच्यापुढे एका बाजूला इंग्रजी व्याकरणाचा नमुना आणि दुसऱ्या बाजूला संस्कृताची परंपरा. ही दोन जोखडे सांभाळून त्यांनी मराठीला शिस्तीत बसविले. लोकांनी त्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हटले, ते उगीच नव्हे.

तथापि, या शिस्तीत एक गोम राहिली. शाळेतले विभक्तीचे कोष्टक आठवून पाहा. द्वितीयेचे प्रत्यय: स, ला, ते. चतुर्थीचे प्रत्यय: स, ला, ते. मी पंधरा-वीस वर्षे हे कोष्टक मुलांकडून घोकून घेतले. प्रत्यय एकच असताना विभक्ती दोन कशा, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. संस्कृतात त्यांची रूपे निराळी आहेत, म्हणून तेथे दोन. मराठीत अंगरखा एकच उरला, तरी आपण खुंट्या मात्र दोन ठेवल्या आणि अर्थाकडे पाहून तो कधी या खुंटीला, कधी त्या खुंटीला अडकवू लागलो. म्हणजे भूमिका आणि अंगरखा यांची पाणिनीने केलेली फारकत आपण पुन्हा मोडून टाकली. आमच्या नागपूरकडचा माणूस 'मले', 'तुले', 'रामाले' म्हणतो आणि एकाच 'ले'वर दोन्ही कामे भागवितो. त्याचे काही अडत नाही.

ही गोम जाणकारांच्या ध्यानात आली नाही असे नव्हे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठी व्याकरणावर मार्मिक निबंध लिहिले. 1911 साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा प्रचंड ग्रंथ निघाला. हे दामले म्हणजे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. थोरल्याने कवितेत क्रांती केली, धाकट्याने क्रियापदाचे प्रयोग नि प्रयोग तपासले! 1964 साली अरविंद मंगरूळकरांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' मांडला. वाद पुष्कळ झाले. पण आमच्या शाळेच्या फळ्यापर्यंत त्यांतले थोडेच पोहोचले.

या वाचनात मला पहिला धक्का बसला तो 'म्या' या शब्दाने. 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्यात राम तृतीयेत आहे आणि क्रियापद आंब्यामागे जाते. मराठीचा भूतकाळ संस्कृतातील कर्मणी रचनेतून आला. 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' अशी त्याची मूळ घडण. मग 'मी आंबा खाल्ला' यात 'मी'ला 'ने' का लागत नाही? भाषाशास्त्रज्ञ सांगतात की, हा 'मी' मुळातच संस्कृत 'मया'पासून, म्हणजे तृतीयेच्या रूपापासून आला आहे. आज जो 'मी' आपण ताठ मानेने प्रथमेत मिरवितो, त्याचा पूर्वज 'माझ्याकडून' असे नम्रपणे म्हणत होता! आणि जुन्या मराठी ग्रंथांत जागोजाग आढळणारे 'म्यां' हे तर उघड-उघड तृतीयेचे रूप. ते पुस्तकी मराठीने टाकले, खेड्यापाड्यांनी मात्र जपून ठेवले. म्हणजे 'म्या नाही फोडली' यातला 'म्या' अशुद्ध नव्हता. शास्त्राप्रमाणे जेथे तृतीया हवी, तेथे त्या मुलाने तृतीयाच ठेवली होती. अशुद्ध काही असेल तर ते माझे ज्ञान.

आता थोडे सातासमुद्रापलीकडे जाऊ, कारण याच प्रश्नावर तिकडेही खल चालला होता. 1968 साली चार्ल्स फिलमोर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचा एक दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे सोपे करून सांगावयाचे तर असे: 'सदाने दार उघडले', 'या किल्लीने दार उघडले' आणि 'दार उघडले' ही वाक्ये वरून निरनिराळी दिसली तरी आतला प्रसंग एकच असू शकतो. सदा करणारा, किल्ली साधन, दार ज्याचे काही झाले ते. वाक्याच्या दर्शनी भागी उद्देश्य कोण दिसते, एवढ्यावर जाऊ नका. आत कोणाची काय भूमिका आहे ते पाहा. अशा भूमिका त्याने मांडल्या त्या सहा! पाणिनीची सहा कारके आणि फिलमोरच्या या सहा भूमिका तंतोतंत एक नाहीत आणि एकावरून दुसरी उचललेली आहेत असेही नव्हे. शिवाय ही यादी अपुरी आहे हे फिलमोरनेच मान्य केले होते. तरीही अडीच हजार वर्षांच्या अंतराने दोन माणसे एकाच झऱ्यावर पाणी प्यावयास आली, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पुढे आपल्याकडे कानपूरच्या आय. आय. टी.त काही संशोधकांनी संगणकाला भारतीय भाषा समजावण्यासाठी पाणिनीच्या कारकांचीच चौकट घेतली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1995 साली निघाला. यंत्रालाही वाक्य वाचताना प्रथम हेच विचारावे लागते: यात कोण कोणत्या भूमिकेत आहे?

मराठीसारख्या भाषांनी पाश्चात्त्य पंडितांना एक निराळाच पेच घातला. 'मला भूक लागली' यात कर्ता कोण? शाळेत आम्ही सांगतो, 'लागली' हे स्त्रीलिंगी, म्हणून कर्ता 'भूक'. मुले निमूटपणे वहीत उतरवून घेतात. पण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो: मग मी कोण? भुकेने काय केले? भुकेला तर मी बसलो आहे! पाणिनीने या 'मी'ची उपेक्षा केली नव्हती. आवडण्याच्या क्रियापदांबरोबर ज्याला आवडते त्याला त्याने संप्रदानाचे मानाचे पान दिले होते. 'मला लाडू आवडतो' यात लाडू कर्ता खरा, पण ज्याच्या जिभेला पाणी सुटले तोही भागीदार आहे. आधुनिक भाषाशास्त्र त्याला 'अनुभवणारा' म्हणते. 1990 साली दक्षिण आशियातील भाषांमधल्या या अनुभवणाऱ्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ निघाला. त्यात मराठीवरील लेख राजेश्वरी पंढरीपांडे यांचा आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अध्यापन केलेल्या या विदुषींनी आपल्या नागपुरी मराठीवरही संशोधन केले आहे.

अनुभवणाऱ्याचा मान किती मोठा, याची एक परीक्षा घरच्या घरी करता येते. 'रामाला आपली आई आठवली' हे वाक्य घ्या. क्रियापद आईमागे गेले, म्हणून पुस्तकाप्रमाणे कर्ता आई. पण 'आपली' म्हणजे कोणाची? रामाची! 'आपला' हा शब्द सहसा वाक्यातल्या मुख्य माणसाकडे बोट दाखवितो, आणि येथे ते बोट रामाकडे वळते. क्रियापद एकाचे ऐकते आणि 'आपली' दुसऱ्याचे. एका घरात दोन कर्ते असावेत तसा हा प्रकार. मुलांना 'मग मी कोण' असे वाटते, ते वाटणे मुळीच चुकीचे नाही.

आणि मग 1991 साल. डेव्हिड डाउटी या अमेरिकन पंडिताने असे मांडले की, भूमिकांची यादी वाढवीत बसण्यात अर्थ नाही. कर्तेपण ही असणे-नसणे अशी गोष्टच नव्हे. ते कमी-अधिक असते. बुद्धिपुरस्सर करणे, जाणीव असणे, परिणाम घडविणे, हालचाल करणे ही कर्तेपणाची निरनिराळी अंगे होत. एखाद्याजवळ ती सारी असतात, एखाद्याजवळ दोनच. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. डोळ्यांपुढे ओले फडके घेऊन उभा असलेला तो मुलगा आला.

त्याच्याजवळ काय होते? हात हलला होता. हाताने काच फुटली होती. पण फोडावयाची इच्छा नव्हती. कर्तेपणाची दोन अंगे होती, मुख्य अंग नव्हते. आता त्याचे वाक्य पाहा. 'माह्या हातानं फुटली.' फोडणे नव्हे, फुटणे. मराठीत तोडणे-तुटणे, पाडणे-पडणे, फाडणे-फाटणे अशा जोड्या आहेत. त्यांतल्या पहिल्या क्रियापदाला करणारा लागतो, दुसऱ्याला लागत नाही. त्याने दुसरे निवडले. फुटणारी काच, ती प्रथमेत. 'हातानं' ही तृतीया, म्हणजे हात साधन. आणि स्वतःला त्याने ठेवले ते षष्ठीत: 'माह्या'. तीच षष्ठी, जिला पाणिनीने कारकांच्या पंगतीत बसविले नाही! हात माझा आहे एवढे त्याने कबूल केले. नाते लपविले नाही, आणि न केलेली गोष्ट अंगावरही घेतली नाही. नुसते 'काच फुटली' म्हटले असते तर तो सुटला असता. 'म्या फोडली' म्हटले असते तर मी शांत झालो असतो. या दोहोंच्या मधले जे खरे, ते शब्दाशब्दाला तोलून त्याने सांगितले, आणि व्हरांड्यात उभे राहावे लागले तरी बदलले नाही. माझ्या कादंबऱ्यांतल्या एकाही पात्राला मी असे नेमके वाक्य अद्याप दिलेले नाही.

वाचक म्हणतील, एका काचेपायी केवढे हे पुराण! पण आपल्या घरातली निम्मी भांडणे याच व्याकरणावरून होतात. सांडणारे दूध नेहमी आपोआप सांडते, पण ते आपल्या हातून सांडले तर. दुसऱ्याच्या हातून सांडले की त्याने ते सांडलेले असते. आपल्याला विसर पडतो, दुसरा मुद्दाम विसरतो. स्वतःसाठी फुटणे आणि दुसऱ्यासाठी फोडणे, अशी आपण क्रियापदांची वाटणी करून ठेवली आहे. मोठ्या माणसांचे तर विचारूच नका. कचेरीतल्या पत्रात 'विलंब झाला आहे' असे असते, विलंब करणारा कोणीच नसतो. पतंजलीची विवक्षा अशी दुधारी आहे. तिच्याने खरे नेमके सांगता येते, आणि खरे झाकताही येते.

गेल्या वर्षापासून मी वर्गात विभक्तीच्या कोष्टकाआधी मुलांना एक खेळ देतो. एक प्रसंग सांगावयाचा आणि तो मुलांनी तीन तऱ्हांनी म्हणून दाखवावयाचा. मग विचारावयाचे, कोणत्या वाक्यात कोण पुढे आला, कोण मागे गेला, आणि त्यातले खरे कोणते? 'म्या'ला आता कोणी हसत नाही. हसलेच तर 'म्या'ची जन्मकथा सांगतो. कोष्टक त्यानंतर येते आणि मुलांच्या ध्यानातही चांगले राहते.

तो मुलगा शाळा सोडून गेला. त्याच्याशी बोलावयाचे राहून गेले. या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी शेवटी लिहिले होते, 'माझ्याकडून त्या मुलावर अन्याय झाला.' वाक्य शुद्ध होते आणि कानालाही बरे वाटत होते. पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले की, यात अन्याय आपोआप झाला आहे आणि मी कोपऱ्यात उभा आहे. वर्गात सत्तेची जागा माझी होती, राग माझा होता आणि शिक्षा मी ठरवून केली होती. डाउटीने सांगितलेल्यांपैकी एकही अंग कमी नव्हते. म्हणून ते वाक्य खोडले आणि त्याच्या जागी हे लिहिले: मी त्या मुलावर अन्याय केला.